दोन रेघांचा बॉल

ज्या माणसाचा सगळा जन्म रबरी होज धुण्यात गेला, त्याने भ्यायचं तरी कशाला? सकाळी आठला यार्डच्या गेटातून आत, पाचला बाहेर. मधल्या वेळात तेलविहिरींवरून परत आलेले होज लोखंडी घोड्यांवर आडवे टाकायचे आणि त्यांचं पोट साफ करायचं. मांडीएवढे जाड, काळे, साठ मीटर लांब होज. आत मेणासारखं तेल थिजलेलं, त्यात वाळू, चिखल आणि देवाला ठाऊक काय काय. यार्डात या कामाचा सगळ्यात जुना माणूस म्हणजे मास्तर. शाळेत कधी शिकवलं नव्हतं त्याने, पण बोलायला लागला की समोरच्याला बाकावर बसल्यासारखं वाटायचं, म्हणून मास्तर.

धडा ठरलेला असायचा. होज साफ होतो तो फोमच्या बॉलने. बॉल घालायचा एका टोकाला, मागून पंपाने पाणी सोडायचं, की तो आतली घाण पुढे ढकलत दुसऱ्या टोकाला जाळीच्या टोपलीत येऊन पडतो. "चार इंची होजला पाच इंची बॉल," मास्तर बोट नाचवत सांगायचा. "चार घातलास तर नुसता फिरून येईल, लग्नाला आलेल्या लांबच्या काकासारखा. सहा घातलास तर आत बसेल, जावयासारखा, आणि हलणार नाही." आधी मऊ, मग मध्यम, शेवटी कडक. आणि घालण्यापूर्वी प्रत्येक बॉल मुठीत पिळून सोडायचा. मनात तीन म्हणायच्या आत तो फुगून गोल झाला तर ठीक, नाहीतर फेकून द्यायचा.

हाताखाली दोघंच होते. एक त्याचा सख्खा भाऊ, धाकटा. आईबाप गेले तेव्हा हा आठ वर्षांचा आणि मास्तर वीस. मास्तरने त्याला अंघोळी घातल्या, त्याचं नाक पुसलं, त्याला कामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. आता धाकटा चाळिशीला आला होता, डोक्यावर विरळ झाला होता, तरी रस्ता ओलांडताना मास्तरचा हात आपोआप त्याच्या मनगटाकडे जायचा. दुसरे पंपवाले आबा. वय झालेलं, मिशा पांढऱ्या, तोंड फटकळ.

तिघांचा एक नियम होता. बॉल आत राहून गेला आणि होज तसाच विहिरीवर गेला, तर तिकडे होज फुटतो आणि माणसं भाजतात. म्हणून ज्याचा बॉल, त्याने तो बाहेर आलेला बघायचा. ओळखायला खुणा. पहिला मऊ बॉल मास्तरचा, त्यावर रंगाची एक रेघ. मधला धाकट्याचा, दोन रेघा. शेवटचा कडक बॉल आबांचा, तीन रेघा. "शेवटचा हात माझा फिरल्याशिवाय होज धुतला असं कोण म्हणेल?" आबा म्हणायचे.

घातलेल्या क्रमानेच बॉल बाहेर यायचे. येणारच. पाच इंची बॉल चार इंची पोटात दाबून बसवलेला. तिथे एकाने दुसऱ्याला मागे टाकायचं म्हटलं, तर वाट कुठे आहे?

आणि तरी मागच्या वर्षी एकदा सतरा नंबरच्या होजमधून सगळ्यात आधी तीन रेघांचा बॉल बाहेर पडला.

आबा टोपलीपाशी पोट धरधरून हसले. "बघा! म्हाताऱ्याने दोघांना ओव्हरटेक केलं!" मास्तर धाकट्यावर खेकसला, की तूच उलटे घातलेस, लक्ष कुठे असतं तुझं. धाकटा शपथेवर नाही म्हणाला. विषय तिथेच संपला. अकराव्या दिवशी आबा घरी खुर्चीत बसल्याबसल्या, हातातलं वर्तमानपत्र पण खाली न पडता, गेले.

तेव्हा कुणी दोन्हींचा संबंध जोडला नाही. मास्तरनेही नाही. आबांच्या जागी नवा माणूस आला नाही, त्यांचा कडक बॉल त्यानंतर बिनरेघेचा जायला लागला. पंप धाकट्याकडे आला.

आता खरी गोष्ट. भर दुपारची वेळ, डोक्यावर पांढरं, आंधळं आभाळ. वाऱ्याचं नाव नाही, तापलेल्या रबराचा आणि डिझेलचा वास जागेवर उभा. विहिरीवरून होज आले होते. मास्तर एकेकाच्या तोंडाला बसवलेल्या लोखंडी कॉलरवरची पट्टी पुसून नंबर वाचत होता. सतरा नंबर बघितला आणि त्याला आबा आठवले, एवढंच. वाईट वाटलं. मग त्याने स्वतःच्या हाताने बॉल पिळले, मनात तीन म्हटलं, आणि पंपाकडच्या टोकाला बसवलेल्या डब्यातून एकामागून एक होजच्या आत सारले. एक रेघ. दोन रेघा. बिनरेघेचा. झाकण आवळलं, साठ मीटर चालत दुसऱ्या टोकाला गेला, टोपलीच्या बाजूला उभा राहिला. समोर नाही, बाजूला. होजच्या तोंडासमोर कधी उभं राहायचं नाही, हा धड्यातला सगळ्यात मोठ्याने सांगायचा भाग. त्याने हात वर केला. लांबवर धाकट्याने पंप सुरू केला.

चाळीस सेकंद लागतात. होज आळस दिल्यासारखा हलला. आधी काळं पाणी आलं, मग मेणाचे गोळे, मग धप्पकन पहिला बॉल टोपलीत पडला.

मास्तरने तो उलटा केला, अंगठ्याने तेल पुसलं.

दोन रेघा.

त्याच्या मागून एक रेघ आली. त्याच्या मागून बिनरेघेचा.

मास्तरने तिन्ही बॉल पुन्हा एकदा पुसून पाहिले. या वेळी कुणावर खेकसणार? बॉल त्याने घातले होते. स्वतः. एक, दोन, मग कोरा. ते त्याच्या बोटांना अजून आठवत होतं.

"काय झालं?" पंप बंद करून धाकटा लांबून ओरडला.

"काही नाही! घाण आहे अजून! पुन्हा फिरवू!"

पुन्हा घातले. या वेळी घालताना तोंडाने मोठ्याने म्हटलं, एक, दोन, कोरा. धाकटा बघत होता. "दादा, मला शिकवतोयस की स्वतःला?"

"तू पंप सांभाळ."

पुन्हा हात वर. मास्तर मनात आकडे म्हणत होता. तिसाच्या आतच टोपली हलली. दोन रेघा. मघाशी चाळीस लागले होते, आता अठ्ठावीस. म्हणजे घाई झाली होती... कुणाला तरी.

आबांचे अकरा दिवस मास्तरने तिथे उभ्याउभ्या बोटांवर मोजले.

धाकट्याला सांगावं का? सांगून काय सांगणार? तो हसेल. आणि हसला नाही तर? रात्री झोपणार नाही, बायको विचारेल, घरभर होईल. मास्तरने काय केलं, तर ओले बॉल लांब फेकून दिले आणि तरातरा स्टोअरकडे निघाला. त्याच्या डोक्यात एक खुळी कल्पना आली होती. खुळी म्हणा, पण ज्याने भावाला वाढवलंय त्यालाच ती सुचेल. बॉल आत कसेही पुढेमागे होऊ देत. तिन्हींवर एकच रेघ ओढायची. स्वतःची. मग पहिला कोणताही येवो, येणार मास्तरच.

स्टोअरच्या बाई खिडकीत बसून लोकरीचं काहीतरी विणत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"पाच इंचीचे तीन द्या."

"सकाळीच नेलेत ना? चावून खाता की काय?"

"द्या हो बाई."

"पाच इंचीचे संपले. सहा इंची कडक आहेत, मोठ्या लाइनचे. ते तुम्हाला चालायचे नाहीत. तुम्हीच मला तासभर समजावलं होतं, जावई आणि काय ते."

एरवी मास्तरने तो बॉल त्यांच्या टेबलावर आपटून अजून तासभर घेतला असता. आज त्याने गपचूप तिन्ही उचलले. बाईंची सुई थांबली.

"मास्तर, बरं नाही का? चेहरा बघा कसा झालाय..."

तो वळलाही नाही. शेडमागे बसून त्याने तिन्ही बॉलवर एकेक रेघ ओढली. एक रेघ वाकडी आली. मुठीत पिळून बघायचं राहिलं. सहा इंची कडक बॉल चार इंची पोटात जात नव्हते. लाकडी दांड्याने, अंगाचा भार टाकून, एकेक आत ठोकले. धाकटा तेव्हा डिझेल भरत होता, त्याने पाहिलं नाही.

हात वर. पंप सुरू.

चाळीस सेकंद. मिनिट. दोन मिनिटं. काळं पाणी नाही, थेंब नाही. होज घोड्यांवर ताठ झाला, फुगला, आतून कण्हल्यासारखा आवाज आला. लांबवर धाकट्याने दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघितलं आणि झटकन पंप बंद केला.

अशा वेळी काय करायचं ते दोघांना वीस वर्षं माहीत होतं, बोलायची गरज नसायची. एकाने पंपाकडे जाऊन निचऱ्याची तोटी उघडायची, म्हणजे आत कोंडलेला दाब निघून जातो. मगच दुसऱ्याने तोंडाशी जायचं. तोटी मास्तर दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे, म्हणून तो पंपाकडे धावला. धाकटा लाकडी हातोडा घेऊन होजवर ठकठक करत इकडून तिकडे निघाला. बॉल जिथे अडकलाय तिथे आवाज बद्द येतो. मध्यावर दोघं एकमेकांना ओलांडून गेले.

"जावई बसला वाटतं," धाकटा म्हणाला आणि हसला.

मास्तर गेजपाशी पोचला आणि तिथेच खिळला.

पंप बंद होता. पट्टा थांबलेला, इंजिन गार पडत टिकटिकत होतं. आणि गेजचा काटा वर चढत होता. झपकन नाही. केसभर थांबायचा, केसभर चढायचा. कुणीतरी आतून खांदा लावून, श्वास घेत घेत, रेटा देत असावं तसा. मास्तर बघत राहिला. ठक... ठक... ठक... लांब जाणारा हातोडा त्याला ऐकू येत होता. तोटी त्याच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर होती. ती उघडायची असते हे त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

मग ठकठक थांबली.

त्याने मान वर केली. साठ मीटरवर धाकट्याने टोपली काढून बाजूला ठेवली होती. दादा पंपाशी आहे म्हणजे तोटी उघडली असणारच, असा त्याचा हिशेब. दोन्ही हात कॉलरवर टेकून तो वाकला होता आणि होजच्या तोंडात डोकावत होता.

मास्तरला ओरडता येईना. आवाज छातीत अडकला, सहा इंची होऊन बसला. मग एकदम सुटला.

"बाळ्याऽऽऽ!"

तीस वर्षांत त्याने हे नाव घेतलं नव्हतं. धाकटा आठ वर्षांचा असताना घेत असे. चाळिशीच्या माणसाने दचकून मान वळवली, कोण हाक मारतंय म्हणून. आणि त्या क्षणी होज फुत्कारला. पहिला बॉल त्याच्या कानाजवळून गेला, डोक्यावरची टोपी घेऊन गेला, आणि वीस पावलांवरच्या शेडच्या पत्र्याला आतपर्यंत वाकवून खाली पडला. मागोमाग दुसरा, तिसरा आणि काळ्या पाण्याचा लोंढा.

मास्तर पोचला तेव्हा धाकटा मातीत बसला होता. कानावर हात, अंगभर तेल. त्याच्या पायाशी तिन्ही बॉल पडले होते. तो त्यांच्याकडे बघत होता.

"दादा, तोटी?"

"राहिली."

"तुझ्याकडून?"

धाकट्याने एक बॉल उचलला, मग दुसरा.

"सहा इंची? तू घातलेस? आणि हे काय... सगळ्यांवर तुझीच रेघ?"

मग मास्तरला सांगावं लागलं. आबांचं, मघाचं, चाळीसचं आणि अठ्ठाविसाचं. सांगताना तो भावाच्या अंगावरचं तेल आपल्या रुमालाने पुसत होता, लहानपणी पुसायचा तसं, जरा जास्तच जोरात. धाकटा आधी हसला. मग हसायचा थांबला.

"म्हणजे आता पहिला तू," तो म्हणाला.

"असू दे. माझंच आधी पाहिजे. मी आधी आलोय."

"येडा आहेस तू दादा," धाकटा म्हणाला, आणि त्याने रुमाल भावाच्या हातातून काढून घेतला.

मास्तरने ऑफिसात सांगितलं, सतरा नंबर आतून चिरलाय. त्याच दिवशी करवत घेऊन त्याचे हात हात लांबीचे तुकडे केले आणि एकेक डोळ्याला लावून पाहिला. आत काही नव्हतं. स्वच्छ, कोरडा, नव्यासारखा.

पुढचे अकरा दिवस मास्तरला मरायलाही फुरसत नव्हती. तो धाकट्याच्या मागेपुढे होता. शिडीवर चढू देईना, स्कूटर चालवू देईना, भाजी चिरताना सुरी काढून घेई. "दादा, संडासात तरी एकटं जाऊ दे," धाकटा म्हणायचा. "वहिनी, याला आवरा हो!" वहिनींना काही ठाऊक नव्हतं, त्या म्हणायच्या, "मला आवरले नाहीत कधी, तुम्हाला काय आवरतील?" स्वतःचं मास्तरला काही वाटत नव्हतं. छातीत जरा कळ आली तर उलट बरं वाटे. चला, खूण पटली, यंदा नंबर आपला.

अकरावा दिवस मावळला. काही झालं नाही. कुणालाच.

बाराव्या दिवशी पाचला दोघं यार्डातून चालत निघाले. मास्तर आज मोकळा होता. कितीतरी दिवसांनी त्याने धाकट्याला धडा दिला, बॉल तेलात भिजवावा की पाण्यात यावर, आणि धाकट्याने जांभया देत तो ऐकला. ऊन अजून भिंतींवर होतं.

त्यांचं घर रस्त्यापासून मागच्या बाजूला होतं. तिथे जायला दोन इमारतींच्या मधून एक बोळ. दोन्हीकडे चार मजली भिंती, खिडकी एकही नाही, आणि रुंदी अशी की पिशवी घेतलेल्या माणसाने तिरकं चालावं. समोरून कुणी आलं तर एकाने उलट्या पावली मागे जायचं. घरी जायला दुसरी वाट नाही. मास्तर पुढे शिरला, धाकटा मागे.

धाकटा स्टोअरच्या बाईंची नक्कल करत होता. "काय म्हणे, तुमच्या मास्तरांना कुणीतरी दृष्ट लावलीय. मी म्हटलं बाई, त्यांना दृष्ट नाही, सहा इंची बॉल लागलाय..." भिंतींमुळे आवाज अगदी कानाशी येत होता. त्याच्या चपला घासत होत्या. मास्तर हसत होता. बोळ संपत आला, समोर अंगणाचा उजेड दिसायला लागला.

मास्तर बोळाच्या तोंडाशी आला आणि थांबला.

अंगणाच्या पायरीवर धाकटा बसला होता. चपला काढून शेजारी ठेवलेल्या. तोंड धुऊन झालेलं, खांद्यावर टॉवेल. हातात चहाचा कप, अर्धा संपलेला, आणि उरलेल्यावर साय धरलेली.

"कधी आलास?" मास्तरने विचारलं. त्याला आपलाच आवाज ओळखू येईना.

"केव्हाचा आलोय," धाकटा म्हणाला. "तूच मागे राहिलास. काय करत होतास इतका वेळ? वहिनी, दादा आला, चहा टाका."

मास्तरच्या मागे, बोळात, चपला अजून घासत होत्या. जवळ आल्या. थांबल्या. मानेला ओला, डिझेलचा वास असलेला श्वास लागला. आणि धाकट्याचाच आवाज, मघाचीच गंमत सांगता सांगता, हळू झाला.

"दादा... का थांबलास? पुढे हो ना..."

पायरीवरच्या धाकट्याने कप खाली ठेवला. "दादा, काय झालं? असा काय उभा आहेस?"

मास्तरने दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावले. पाय फाकवले. पाठ फुगवली, खांदे ताणले, बोळाच्या तोंडाला कुठे फट राहू नये म्हणून. मागून त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. धक्का नव्हे. हळू, केसभर थांबत, केसभर वाढत जाणारा रेटा.

"सरक ना दादा," मागून आवाज आला. "मला बाहेर यायचंय..."